मायनस आधी काढायची, मायनस शेवटी लावायची: गाडीची बॅटरी घरच्या घरी बदलताना

माझ्या हत्यारांच्या डब्यात एक दहा-अकराचा पाना आहे. त्याच्या दांड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडलाय आणि खड्ड्याची कड निळसर काळी झाली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अमरावतीला बाबा अंगणात गाडीची बॅटरी काढत होते. त्यांनी प्लसचा नट आधी सोडायला घेतला आणि पान्याचं दुसरं टोक बोनेटखालच्या पत्र्याला टेकलं. कडाड असा आवाज झाला, पांढरा लखलखाट दिसला आणि पाना हातातून उडून बाजूला पडला. बाबांना काही झालं नाही. त्यांच्या बोटात अंगठी असती आणि ती पान्याच्या जागी असती, तर बोट वाचलं नसतं.

बाबांना बॅटरीचं काम येत होतं, त्यांनी ते आधीही केलं होतं. फक्त त्या दिवशी क्रम चुकला. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. काढताना मायनस पहिली, लावताना मायनस शेवटची. बाकीचं काम पाऊण तासाचं आहे आणि घरी नक्की जमण्यासारखं आहे.

कारण समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही. गाडीचा सगळा पत्रा, इंजिन, चासी हे बॅटरीच्या मायनसला जोडलेलं असतं. मायनस जागेवर असताना प्लसवर पाना लावला आणि तो कुठेही पत्र्याला लागला, की प्लस आणि मायनस थेट जोडले जातात. अशा वेळी पान्यातून शेकडो अँपिअर करंट जातो. मायनस आधी काढली, तर तोच पाना पत्र्याला लागूनही काही होत नाही, कारण सर्किट पूर्णच होत नाही. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बॅटरीजवळ निर्धास्त असतात. इथे धोका शॉकचा नसून भाजण्याचा आहे. त्यातच चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो, आणि मग बॅटरी फुटून आतलं अॅसिड चेहऱ्यावर येऊ शकतं.

कोणत्या गाडीला हात लावू नये

हा लेख बोनेटखाली साधी बारा व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीसाठी आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे वारंवार सुरू-बंद सोसणारी बॅटरी लागते. साधी बॅटरी तिथे टिकत नाही. शिवाय काही गाड्यांमध्ये नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनर लावून गाडीला कळवावं लागतं. माइल्ड हायब्रिड गाडीत, म्हणजे इंजिनाला छोट्या इलेक्ट्रिक मोटरची मदत असलेल्या गाडीत, सीटखाली वेगळी लिथियम बॅटरी असू शकते, तिच्याकडे वळूच नका. इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची बॅटरी असते, पण शेजारीच नारिंगी रंगाच्या हाय-व्होल्टेज केबल असतात. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

बॅटरी फुगलेली दिसली, तडा गेलेला असला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असला, तर साध्या गाडीतही स्वतः काही करू नका. तिला चार्जर लावू नका, दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्टही देऊ नका. बोनेट उघडं ठेवून लांब उभं राहायचं आणि बॅटरीवाल्याला बोलवायचं.

आधी खात्री करा: दोष बॅटरीचाच आहे का?

सेल्फ मारला की टक-टक आवाज येतो, दिवे मंद होतात, आणि लगेच निदान होतं, ‘बॅटरी गेली’. मी स्वतः एकदा चांगली बॅटरी बदलायला निघालो होतो. दोष निघाला मायनसच्या ढिल्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बॅटरीच्या खुंटीवर (टर्मिनलवर) आवळलेल्या पकडीत. म्हणून आधी दोन्ही क्लॅम्प हाताने हलवून बघा. ते जरासुद्धा फिरत असतील किंवा त्यांच्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर साफ करून घट्ट करा आणि पुन्हा सेल्फ मारा.

यानंतर मल्टिमीटर घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधासुद्धा चालतो. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक प्लसला लावायचं आणि काळं मायनसला. गाडी काही तास बंद असावी, नाहीतर आकडा फुगून दिसतो. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली.

उतरलेली बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी नव्हे. रात्रभर आतला दिवा चालू राहिला असेल, गाडी महिनाभर उभी असेल किंवा डॅशकॅमची वायर थेट जोडलेली असेल, तर चांगली बॅटरीही उतरते. तिला चार्जरवर पूर्ण चार्ज करा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा १२.५ च्या आसपास टिकला तर बॅटरीत जीव आहे. पूर्ण चार्ज करूनही तो १०.५ च्या पुढे जात नसेल, तर निकाल लागला. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा. एक सेल मेला की १२.६ मधून २.१ गेले, उरले १०.५. अशी बॅटरी पुन्हा उभी राहत नाही.

आणखी दोन मोजमापं घ्या. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीचा जोर संपला आहे. गाडी सुरू झाल्यावर साध्या गाडीत तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. इंजिन चालू असतानाही तो बाराच्या आसपास राहून हळूहळू खाली येत असेल, तर दुखणं अल्टरनेटरचं (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं) किंवा त्याच्या पट्ट्याचं आहे. तिथे नवी बॅटरी घातली तर तीही उतरेल.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची आणि गाडी बंद पडते का बघायचं, ही अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत आजही काही ठिकाणी दिसते. ती कधीही करू नका. अल्टरनेटरचा व्होल्टेज सावरून धरणारी बॅटरी अचानक निघाली की तो क्षणात उसळी घेतो. आजच्या गाडीत इंजिनाचा कंट्रोल युनिट, एअरबॅग, स्टिअरिंग हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सवर चालतं. हजारो रुपयांचा भाग एका झटक्यात जातो.

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. आपल्याकडे ती मरते उन्हाळ्यात, पण कळतं हिवाळ्यात. विदर्भातल्या मे महिन्यात बोनेटखालची उष्णता आतल्या पाण्याची वाफ करते आणि प्लेटच्या जाळ्या झपाट्याने गंजवते. तेव्हा गाडी कशीबशी सुरू होत राहते. मग निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबरची कडाक्याची पहाट येते. इंजिन ऑइल घट्ट होतं, थंडीने बॅटरीचा जोर कमी होतो, आणि गाडी पहिल्यांदा दगा देते. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर दिवाळीनंतर एकदा मीटर लावून बघा.

योग्य बॅटरी आणताना

जुन्या बॅटरीचा फोटो काढा, वरून एक आणि लेबलचा एक. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ३५ अँपिअर-अवरची (हे साठवणीचं माप) बॅटरी असते आणि लेबलवर ‘३८ बी २० एल’ असं काहीतरी छापलेलं असतं. ३८ हा ताकदीचा अंक, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी. शेवटचं अक्षर एल किंवा आर, आणि बहुतेक चूक इथेच होते. टर्मिनल डावी-उजवी कशी आहेत हे ते अक्षर सांगतं. उलटी बॅटरी आणली तर केबल पोचत नाही, आणि ताणून पोचवली तर प्लस-मायनस उलटे लागण्याची भीती असते. त्यापुढे कधी एस असतो, म्हणजे टर्मिनल जाड आहेत. बारीक टर्मिनलची गाडी असेल तर जाड टर्मिनलवर तिचा क्लॅम्प बसणार नाही. जाड क्लॅम्प बारीक टर्मिनलवर पत्र्याची पट्टी घालून बसवून देणारे भेटतात. ते मान्य करू नका, तो पुढे हमखास ढिला होतो.

दुकानात असतानाच बॅटरीवरची उत्पादनाची तारीख विचारा आणि मीटर लावून बघा. सहा महिने फळीवर पडून असलेली, १२.४ दाखवणारी बॅटरी घेऊ नका. वॉरंटीचे महिने ऐकताना पूर्ण बदलून मिळण्याचे किती आणि प्रोराटाचे किती, हे वेगळं विचारा. प्रोराटा म्हणजे नवी बॅटरी फुकट नाही, फक्त काही टक्के सूट. कार्डावर बॅटरीचा नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

तयारी

जागा मोकळी आणि सपाट हवी. बंद गॅरेज नको, कारण वायू बाहेर जायला हवा. पाऊस नको आणि आसपास कोणी सिगारेट ओढत नको. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा, दिवे-एसी-म्युझिक बंद करा. किल्ली काढून खिशात टाका आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून ठेवा. बॅटरी निघाली की सेंट्रल लॉक चालत नाही. किल्ली आत आणि दारं बंद, अशी वेळ यायला नको. जुन्या म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधीच शोधून ठेवा. इग्निशन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, तोवर गाडीची इलेक्ट्रॉनिक्स झोपी जाते.

मग अंगावरचं सगळं धातूचं काढा. अंगठी, घड्याळ, कडं, बांगड्या आणि वाकल्यावर लोंबणारी साखळी किंवा मंगळसूत्र. ‘अंगठी निघत नाही’ म्हणणाऱ्याने रबरी हातमोजे घातल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये. खरं तर मोजे आणि चष्मा सगळ्यांनीच घालावा. सुती कपड्यावर अॅसिडचा थेंब पडला तर तेव्हा काही दिसत नाही, पुढच्या धुण्यात तिथे भोक पडतं. म्हणून जुने कपडे घाला.

हत्यारं फार लागत नाहीत. बहुतेक गाड्यांत क्लॅम्पचे नट दहा नंबरचे असतात. बॅटरी दाबून धरणाऱ्या पट्टीला दहा, बारा किंवा तेरा नंबर लागतो, आणि ती खोलवर असेल तर टी-पाना किंवा गोटी पाना हाताशी असू द्या. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि माझ्या डब्यातल्या त्या खड्ड्याचं उत्तर आहे. शिवाय जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, एक बादली साधं पाणी, फडकी आणि व्हॅसलीन.

अॅसिड त्वचेवर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली ठेवा आणि थेट डॉक्टरकडे जा. डोळा चोळू नका आणि त्यात सोड्याचं पाणी घालू नका. सोडा फक्त धातूसाठी आणि फरशीसाठी.

जुनी बॅटरी काढणं

बोनेट उघडून दांडी नीट अडकवा. आधी प्लस-मायनसची खूण शोधा. केबलच्या रंगावर विसंबू नका, कारण कोणीतरी कधीतरी केबल बदललेली असू शकते. बॅटरीच्या अंगावर टर्मिनलजवळ + आणि − कोरलेलं असतं, ते फडक्याने पुसून वाचा. प्लसवर बहुधा लाल झाकण असतं. ते आत्ता उघडू नका.

मायनसचा नट सैल करा. पूर्ण काढायची गरज नसते, क्लॅम्प उघडण्यापुरता सोडला की पुरे. मग क्लॅम्प हाताने डावी-उजवीकडे हळू फिरवत वर ओढा. निघत नसेल तर हातोडी मारू नका, खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. टर्मिनल शिशाचं आणि मऊ असतं, ते आतल्या प्लेटपासून तुटू शकतं. एक चमचा खाण्याचा सोडा पेलाभर कोमट पाण्यात ढवळून ते पाणी क्लॅम्पवर थोडं थोडं ओता, फेस येऊन शांत झाला की पुन्हा फिरवून बघा. काही गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवरच लहानसा सेन्सर असतो. तिथे क्लॅम्पला धरा, सेन्सरला नाही.

सुटलेल्या केबलला स्प्रिंगसारखा ताण असतो आणि ती गुपचूप परत टर्मिनलवर येऊन बसते. तिला कोरड्या फडक्यात गुंडाळून बाजूला खोचा. यानंतर लाल झाकण उघडून प्लस त्याच पद्धतीने काढा. प्लसवर फ्यूजची डबी बसवलेली असेल तर तिचे बाकीचे नट सोडू नका, फक्त टर्मिनलला आवळणारा नट सोडायचा.

शेवटी पट्टीचे नट काढा. खाली पडलेला नट इंजिनाच्या पोटात हरवतो, म्हणून सुटेल तसा एकेक खिशात टाका. छोट्या गाडीची बॅटरी नऊ-दहा किलोची असते, मोठ्या डिझेल गाडीची वीसच्या आसपास. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, बॅटरी सरळ वर उचला आणि जराही तिरकी न करता लाकडी फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या टबात ठेवा.

सफाई

ही पायरी घाईत गाळली जाते, आणि वर्षभराने गाडी त्याचा हिशोब मागते. कोकणात आणि मुंबईत दमट खारी हवा असते, तिथे तर नक्कीच. क्लॅम्पच्या आत बोट फिरवून बघितलं तर राखाडी, खरखरीत थर लागतो. शिशाच्या ऑक्साइडचा हा थर करंट नीट जाऊ देत नाही. पॉलिश पेपरची गुंडाळी करून क्लॅम्पच्या आत फिरवत राहा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. ट्रेवर पांढरी भुकटी असेल तर सोड्याचं पाणी ओता, फेस थांबला की साधं पाणी टाका आणि कोरडं पुसा. ट्रेचा रंग गेला असेल तर गंजरोधक रंगाचा एक हात मारून वाळू द्या. केबलचं आवरण सोललेलं आणि आतली तार हिरवी पडलेली दिसली, तर ती केबल बदलून घ्या.

नवी बॅटरी बसवणं

बॅटरी ट्रेमध्ये ठेवण्याआधी तिचं तोंड जुन्या फोटोशी ताडून बघा. प्लस जिथे होता तिथेच यायला हवा. उलटं जोडलं तर मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. टर्मिनलवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढा आणि लगेच जुन्या बॅटरीच्या टर्मिनलवर बसवा, म्हणजे नेताना शॉर्ट व्हायची भीती उरत नाही.

आता पट्टी लावा. बॅटरी हाताने ढकलून हलता कामा नये, पण पट्टी इतकीही आवळू नका की डब्याला पीळ बसेल. खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरत राहणारी बॅटरी आतून झडते आणि लवकर जाते.

मग प्लस. क्लॅम्प टर्मिनलवर पूर्ण खालपर्यंत बसवा आणि मनगटाच्या जोराने घट्ट करा. लांब दांड्याचा पाना घेऊन आवळलं तर शिसं पिळवटतं. लाल झाकण बंद करा. शेवटी मायनस. ती टेकवताना बारीकशी ठिणगी दिसली तर घाबरू नका, गाडीतलं एखादं उपकरण करंट घेत असतं. म्हणूनच दारं बंद आणि स्विच बंद हवेत. क्लॅम्प हाताने फिरवून बघा. फिरला तर अजून थोडा आवळा. मग दोन्ही टर्मिनलवर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या, आधी नाही.

घड्याळ आणि सेटिंग जाऊ नयेत म्हणून काम चालू असताना दुसरी बॅटरी समांतर जोडून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. घरी करू नका. तसं केलं तर हातातल्या सुट्या केबलमध्ये करंट तसाच राहतो आणि मायनस आधी काढण्याचा सगळा अर्थच जातो.

पहिला स्टार्ट आणि पुढचे आठ दिवस

ट्रेवर एखादा पाना राहिला नाही ना, हे बघूनच बोनेट बंद करा. किल्ली चालूवर आणून काही सेकंद थांबा आणि मग सेल्फ मारा. सुरुवातीला इंजिन थोडं चढ-उतार करेल, त्याला पाच-दहा मिनिटं जागेवर शांत चालू द्या. मीटर लावून चार्जिंगचा आकडा पुन्हा बघा. घड्याळ लावा. आपोआप वर जाणारी काच तशी जात नसेल, तर बहुतेक गाड्यांत ती पूर्ण बंद करून बटण काही सेकंद वर ओढून धरलं की पूर्ववत होते. स्टिअरिंगचा किंवा स्टॅबिलिटीचा दिवा लागला तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून थोडी गाडी चालवा, बहुधा तो विझतो. विझला नाही तर वर्कशॉपला दाखवा.

आठवड्याभराने दोन्ही क्लॅम्प पुन्हा हलवून बघा. नव्याने बसवलेला क्लॅम्प थोडा ढिला होऊ शकतो. बॅटरीवर पर्मनंट मार्करने बसवल्याची तारीख लिहा, वॉरंटी कार्ड कुठे ठेवलं ते शोधायला लागू नये म्हणून त्याचा फोटोही काढून ठेवा.

जुनी बॅटरी

जुन्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतो आणि आत गंधकाम्ल असतं. भंगारवाल्याला दिली तर कदाचित शंभर रुपये जास्त मिळतील. पण उघड्यावर बॅटरी फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्टीत ती गेली, तर तो धूर आणि ती माती आसपासच्या लेकरांच्या रक्तात उतरते. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. म्हणून मी नवी बॅटरी नेहमी जुनी परत देण्याच्या बोलीवरच घेतो. दुकानदार जुनीची किंमत बिलातून कमी करतो आणि ती कंपनीच्या साखळीतून परत जाते. २००१ च्या नियमांच्या जागी २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आपल्यावरही एक जबाबदारी आहे. बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता ती गोळा करणाऱ्याच्या किंवा पुनर्वापर करणाऱ्याच्या हाती द्यायची.

नेताना ती डिक्कीत प्लॅस्टिकच्या टबात उभीच ठेवा आणि बाजूला फडकी कोंबा, म्हणजे वळणावर कलंडणार नाही. दुकानात उतरवल्यावर बिलावर ‘जुनी बॅटरी जमा’ असं लिहून घ्या.